व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर: एकाच बाजूचा ईएल८४ पुन्हा पुन्हा लाल होतो आणि फ्यूज उडतो

तक्रार साधारण अशी असते. नवा ईएल८४ (स्पीकरला ताकद देणारा आउटपुट व्हॉल्व्ह) बसवला, दोन-तीन आठवडे छान वाजला. मग त्याच सॉकेटमधल्या व्हॉल्व्हची प्लेट, म्हणजे करंट गोळा करणारा आतला करडा पत्रा, लाल झाली आणि फ्यूज गेला. परत नवा व्हॉल्व्ह, परत फ्यूज, परत तेच. पुढच्या खेपेला कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळतो, आणि त्यानंतर जळतो तो मेन्स ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह आज दुकानात मिळतो. ट्रान्सफॉर्मर रीवाइंड करून घ्यावा लागतो, तोही कोणी नीट करणारा भेटला तर.

या तक्रारीत दहापैकी बहुतेक वेळा दोष व्हॉल्व्हचा नसतो. त्याच्या ग्रिडला (करंट कमी-जास्त करणाऱ्या आतल्या जाळीला) सिग्नल आणून देणारा जुना कागदी कपॅसिटर डीसी अडवेनासा झालेला असतो. नवा व्हॉल्व्ह धडधाकट असल्यामुळे तो काही दिवस सहन करतो, इतकंच. पण कपॅसिटर बदलला म्हणजे काम झालं असं धरूनही चालत नाही, कारण लाल प्लेटची आणखी पाच-सहा कारणं आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे.

खालचे आकडे मुलार्ड ५-१० पद्धतीच्या पुश-पुल (दोन आउटपुट व्हॉल्व्ह जोडीने काम करतात अशा) सर्किटसाठी आहेत: एका चॅनेलला दोन ईएल८४, प्रत्येकाच्या कॅथोडला (करंट जिथून निघतो त्या टोकाला) स्वतःचा २७० ओहमचा रेझिस्टर, ईसीसी८३ चा फेज स्प्लिटर (दोन्ही ईएल८४ ना एकमेकांच्या उलट सिग्नल देणारा), ईझेड८१ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह), एचटी (व्हॉल्व्हना लागणारा मोठा डीसी व्होल्टेज) ३१० ते ३२० व्होल्ट. १९५० आणि ६० च्या दशकातले असंख्य रेडिओग्राम आणि घरगुती अ‍ॅम्प याच बांधणीचे आहेत. ईएल३४ हा मोठा आउटपुट व्हॉल्व्ह असलेल्यांसाठी वेगळं थोडं शेवटी आहे.

फ्यूज नक्की कधी उडतो?

बटण दाबताक्षणी उडत असेल तर व्हॉल्व्हचा संबंध नाही, कारण ते अजून थंड आहेत. मेन्स ट्रान्सफॉर्मर, मेन्सवर आडवा लावलेला जुना कपॅसिटर, फिलामेंटच्या तारांमधला शॉर्ट, किंवा कोणी ईझेड८१ च्या जागी डायोड लावले असतील तर शॉर्ट झालेला डायोड, यांपैकी काहीतरी असतं. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून पाहा. तरीही फ्यूज गेला तर शोध ट्रान्सफॉर्मर, मेन्सवरचा कपॅसिटर आणि फिलामेंटपुरता उरला.

दहा-वीस सेकंदांनी उडतो म्हणजे रेक्टिफायर गरम होऊन एचटी यायला लागल्यावर. इथे पहिला फिल्टर कपॅसिटर शॉर्ट आहे किंवा ईझेड८१ आतून चमकतोय, म्हणजे प्लेट आणि कॅथोडमध्ये ठिणगी पडतेय. काळोखात पाहिलं तर ती दिसते.

पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, किंवा "पावसाळ्यात हटकून" उडतो, तर हा लेख त्याबद्दलच आहे. फ्यूज इथे फार उशिरा जागा होतो हेही समजून घ्या. एक ईएल८४ चाळीसऐवजी पासष्ट मिलिअ‍ॅम्पिअर घेऊ लागला तर मेन्सच्या बाजूला फरक नगण्य पडतो. व्हॉल्व्ह तापून आतला वायू सुटतो, करंट बेलगाम होतो किंवा आतच शॉर्ट होतो, तेव्हा कुठे फ्यूज जातो. तोपर्यंत व्हॉल्व्ह संपलेला असतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची अर्धी वाइंडिंग भाजून निघालेली असते.

हात घालण्याआधी

पहिलं काम व्हॉल्व्हचे नंबर वाचायचं. नंबर यू अक्षराने सुरू होत असतील, म्हणजे यूएल८४, यूसीएल८२, यूवाय८५, तर तो एसी-डीसी सेट आहे. त्याचे फिलामेंट एकामागे एक सिरीजमध्ये आहेत, मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही, आणि चॅसी (सेटचा धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली आहे. प्लग उलटा बसला तर आख्खी चॅसी लाइव्ह. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडायचा नाही आणि त्याच्या चॅसीला अर्थही जोडायचं नाही.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटला मात्र अर्थ हवंच. जुनी दोन तारांची, कापडी वेष्टणाची वायर काढून तीन तारांची टाका. हिरवी तार चॅसीवर पत्रा घासून, वॉशर लावून, वेगळ्या बोल्टने आवळा. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर घेऊ नका, तो पुढे कधीतरी कोणीतरी सैल करतोच. मेन्सवरून चॅसीला गेलेला जुना कपॅसिटर असेल तर कापून टाका. परत लावायचाच असेल तर वाय२ दर्जाचाच, आणि मेन्सवर आडवा असेल त्या जागी एक्स२. इथे साधा कपॅसिटर चालत नाही, कारण तो शॉर्ट झाला की मेन्स चॅसीवर येते.

एचटी बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये राहते. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची जुनी सवय सोडा, त्यात कपॅसिटरही जातो आणि डोळाही. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या वायर आणि क्लिप लावा. आधी एक क्लिप चॅसीला, मग दुसरी कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला. दहा सेकंदांत काम होतं. नंतर मीटरने प्रत्येक कपॅसिटरवर शून्य आलंय का पाहा आणि काम चालू असेपर्यंत क्लिप लावूनच ठेवा, कारण मोठे इलेक्ट्रोलिटिक थोड्या वेळाने स्वतःहून काही व्होल्ट परत दाखवतात. सप्लाय देण्याआधी मात्र ती क्लिप काढायची. हे विसरणारे कमी नाहीत.

चालू सेटमध्ये मोजताना मीटरची काळी तार सप्लाय बंद असतानाच क्लिपने चॅसीला लावा, लाल तार एका हातात धरा, दुसरा हात खिशात. स्पीकर, किंवा तितक्याच ओहमचा १० ते २० वॅटचा रेझिस्टर, आउटपुटला जोडलेला असलाच पाहिजे. उघड्या आउटपुटवर सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका व्होल्टेज उसळतो की वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं. जुन्या ब्रिटिश सेटवर बरेचदा १५ ओहमचं टर्मिनल असतं. आजचा ८ ओहमचा स्पीकर तिथे न लावता ७ किंवा ८ ओहमच्या टर्मिनलवर लावा.

आधी मापं, मग डाग (सोल्डर)

सप्लाय बंद ठेवून सुरुवात करा. ईएल८४ चं सॉकेट खालून पाहताना मोकळ्या फटीपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पिना मोजायच्या: २ ग्रिड, ३ कॅथोड, ४ आणि ५ फिलामेंट, ७ प्लेट, ९ स्क्रीन (ग्रिड आणि प्लेटमधली दुसरी जाळी). १, ६ आणि ८ या पिना वापरात नसल्या तरी काही कंपन्यांच्या व्हॉल्व्हमध्ये त्या आतून कशाला ना कशाला जोडलेल्या असतात. जुन्या दुरुस्तीत कोणी या मोकळ्या पिनांवर एचटीची तार किंवा रेझिस्टर अडकवला असेल, तर एका कंपनीचा व्हॉल्व्ह चालतो आणि दुसऱ्या कंपनीचा लाल होतो. वरकरणी हा व्हॉल्व्हचाच दोष वाटतो. असं काही दिसलं तर ते जोड टॅग-स्ट्रिपवर हलवा.

पिन २ ते चॅसी ओहममध्ये मोजा. ग्रिड रेझिस्टर बहुधा ४७० किलोओहम असतो. जुने कार्बन रेझिस्टर वयाबरोबर वरच चढतात, त्यामुळे ५५० पर्यंत मिळालं तर नवल नाही, पण ७०० किंवा १ मेगओहम दाखवत असेल तर बदला. ओपन असेल तर ग्रिड अधांतरी आहे, व्हॉल्व्ह लाल होण्याला तेवढंच कारण पुरतं. पिन ३ ते चॅसी २७० ओहम हवा. शून्य आलं तर कॅथोडचा बायपास कपॅसिटर (त्या रेझिस्टरला समांतर लावलेला) शॉर्ट आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपासून दोन्ही पिन ७ पर्यंतही मोजा. साधारण शंभर ते तीनशे ओहम असतं आणि दोन्ही अर्ध्या भागांत दहा-पंधरा टक्के फरक चालतो, कारण बाहेरच्या थरातली तार लांबीला जास्त भरते. एक बाजू ओपन असेल तर तिथल्या व्हॉल्व्हची प्लेट नव्हे, स्क्रीन लाल होते. प्लेट रिकामी असल्यामुळे सगळा करंट स्क्रीनच्या बारीक तारा घेतात.

आता सप्लाय देऊन कॅथोडचे व्होल्ट. इथेच निम्मं निदान होतं.

पिन ३ वर १० ते ११.५ व्होल्ट असेल तर ठीक: २७० ओहममधून ४० मिलिअ‍ॅम्पिअर म्हणजे १०.८. त्यातले चारेक मिलिअ‍ॅम्पिअर स्क्रीनचे. उरलेले ३६ गुणिले ३०० म्हणजे प्लेटवर १०.८ वॅट, आणि ईएल८४ ची मर्यादा १२. अंतर किती कमी आहे ते बघा.

१४ व्होल्ट किंवा जास्त: करंट जास्त वाहतोय, बहुधा ग्रिड पॉझिटिव्ह आहे. शून्य व्होल्ट आणि प्लेट लाल: बायपास शॉर्ट. शून्य व्होल्ट आणि प्लेट काळीच: व्हॉल्व्ह मेलेला, किंवा स्क्रीनला एचटी पोचत नाही. तीस-चाळीस व्होल्ट किंवा त्याहून वर, आणि आवाज फाटका: कॅथोड रेझिस्टर ओपन झालाय आणि २५ व्होल्टचा बायपास कपॅसिटर आता फुटण्याच्या बेतात आहे. ताबडतोब बंद करा.

काही सेटमध्ये दोन्ही कॅथोडना मिळून एकच १३० किंवा १५० ओहमचा रेझिस्टर असतो. तिथे कोणता व्हॉल्व्ह जास्त खातोय हे कॅथोडवरून कळत नाही. प्रत्येक कॅथोडच्या तारेत १० ओहम, १ वॅटचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या दोन टोकांतला फरक मोजा: ०.४ व्होल्ट म्हणजे ४० मिलिअ‍ॅम्पिअर. तो कायमचा तिथेच राहू दिला तरी आवाजात फरक पडत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीला सोय होते.

नंतर अदलाबदल. सेट बंद करून, थंड होऊ देऊन दोन्ही ईएल८४ एकमेकांच्या सॉकेटमध्ये घाला. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर व्हॉल्व्ह खराब, सॉकेटपाशीच थांबली तर सर्किट खराब. दोन्ही व्हॉल्व्ह लाल होत असतील तर कारण दोघांना सामाईक आहे: एकत्र कॅथोडचा बायपास, जादा एचटी, किंवा ऑसिलेशन (सर्किट स्वतःहून सिग्नल निर्माण करत राहणं).

लाली पाहताना गल्लत होते म्हणून सांगायला हवं. वरच्या टोकाला दिसणारा नारिंगी ठिपका फिलामेंटचा असतो, तो हवाच. दोष म्हणजे करड्या प्लेटच्या सपाट अंगावर उमटणारा मळकट लालसर डाग. तो आधी मध्यभागी येतो, दिवा बंद केल्यावरच दिसतो आणि मग पसरतो. काचेच्या आतल्या अंगावरची निळी झाक चालते. प्लेटच्या आतून जांभळट धुकं दिसलं तर वायू आहे, तो व्हॉल्व्ह बाद. डोक्यावरचा चंदेरी थर पांढरा पडला असेल तर आत हवाच शिरली आहे.

कपलिंग कपॅसिटर

फेज स्प्लिटरच्या प्लेटवर दोनशेहून जास्त व्होल्ट डीसी असतात आणि ईएल८४ च्या ग्रिडवर शून्य. मध्ये आहे तो ०.१ किंवा ०.२५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मेणात बुडवलेला कागद साठ वर्षांत ओल धरतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात तर चार महिन्यांची दमट हवा त्याला पुरून उरते, म्हणून तक्रार पावसाळ्यात वाढते. ओल धरलेला कागद थोडासा डीसी सोडू लागतो.

हा "थोडासा" किती? समजा गळती १० मायक्रोअ‍ॅम्पिअर. ४७० किलोओहममधून तेवढा करंट गेला की ग्रिडवर ४.७ व्होल्ट पॉझिटिव्ह येतात. कॅथोड रेझिस्टर थोडं सावरून घेतो, तरी करंट ४० वरून ५३ मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास चढतो, कॅथोड १४ व्होल्ट, प्लेटवर १४ वॅट. गळती २० मायक्रोअ‍ॅम्पिअर झाली की करंट ६५ च्या घरात आणि प्लेटवर १७ वॅटपर्यंत. चॅसी तापली की गळती आणखी वाढते, म्हणून दोष अर्ध्या तासाने दिसतो. ग्रिड रेझिस्टर चढून १ मेगओहम झालेला असेल तर त्याच १० मायक्रोअ‍ॅम्पिअरचे १० व्होल्ट होतात. दोन्ही दोष बहुधा एकाच सेटमध्ये नांदतात.

आता मीटरची फसवणूक पाहा. २२० व्होल्टवर १० मायक्रोअ‍ॅम्पिअर म्हणजे २२ मेगओहम. साधा मल्टिमीटर ओहमच्या रेंजवर एखाद-दुसरा व्होल्ट लावून मोजतो आणि वीसेक मेगओहमच्या पुढे "ओपन" दाखवतो. कपॅसिटर ठीक आहे असा निष्कर्ष निघतो आणि पुन्हा नवा व्हॉल्व्ह येतो. कपॅसिटन्स मोजणारं मीटरही इथे निरुपयोगी आहे. गळका कागदी कपॅसिटर ०.१ चा ०.१२ दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. गळती मोजायची तर सर्किटच्या खऱ्या व्होल्टेजवरच मोजावी लागते, त्यासाठी दोन पद्धती.

सोपी पद्धत: लाल होणारा एक ईएल८४ काढा, बाकीचे राहू द्या, सिग्नल न देता सेट चालू करा. रिकाम्या सॉकेटच्या पिन २ वर डीसी व्होल्ट मोजा. एक मिनिट थांबा. शून्य हवं, फार तर ०.०५ व्होल्ट. ०.२ च्या वर काहीही दिसलं तर कपॅसिटर गळतोय. व्हॉल्व्ह काढल्यावर शून्य, पण लावल्यावर अर्धा-एक व्होल्ट पॉझिटिव्ह आणि तापेल तसं वाढतं, असं असेल तर कपॅसिटर निर्दोष आणि व्हॉल्व्ह ग्रिड करंट सोडतोय. एवढ्या एका मोजमापात दोन आरोपी वेगळे होतात. सगळे आउटपुट व्हॉल्व्ह एकदम काढू नका. भार गेला की एचटी चढते आणि जुना फिल्टर कपॅसिटर त्याच्या मर्यादेबाहेर जातो.

पक्की पद्धत: सेट बंद करा, एचटी उतरवा, कपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक सुटं करा. ते मीटरच्या लाल तारेला जोडा, काळी चॅसीला, सेट चालू करून अर्धा मिनिट थांबा. डिजिटल मीटर १० मेगओहमचा असतो, म्हणून मीटरवर १ व्होल्ट म्हणजे ०.१ मायक्रोअ‍ॅम्पिअर. १ व्होल्टपर्यंत चालेल, नवा फिल्म कपॅसिटर जवळजवळ शून्य दाखवतो. ५० व्होल्ट आले तर ५ मायक्रोअ‍ॅम्पिअर, फेकून द्या. हीच चाचणी सेट अर्धा तास तापल्यावर पुन्हा करा. थंड सेटमध्ये पास झालेले बरेच गरम झाल्यावर नापास होतात.

बदलताना काय टाकायचं

पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर फिल्म, मायक्रोफॅरड मूळचेच, ६३० व्होल्ट डीसी. ४०० व्होल्टचा स्वस्त पडतो आणि चालू सेटमध्ये पुरेसाही वाटतो. पण ईझेड८१ च्या जागी डायोड असतील तर सुरुवातीच्या काही सेकंदांत सगळे व्हॉल्व्ह थंड असताना फेज स्प्लिटरच्या प्लेटवर पूर्ण, तीही बिनभाराची एचटी येते. सिरॅमिक डिस्क सिग्नलच्या मार्गात नको. जोडी नेहमी दोन्ही बदला, स्टिरिओ असेल तर चारही. एक गळाला म्हणजे त्याच पेटीतले त्याच वयाचे बाकीचे रांगेत आहेत. पिवळे, मोहरीच्या रंगाचे पॉलिएस्टर कपॅसिटर सेटमध्ये असतील तर ते अजूनही बहुधा उत्तम असतात. चाचणीत पास झाले तर हात लावू नका. "जुनं म्हणून बदला" हे धोरण कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक या दोन जातींपुरतं ठेवावं.

कॅथोड बायपास: मूळ ५० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. त्या जागी ४७ किंवा १०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट, १०५ अंश. कॅथोड रेझिस्टर नेहमीच्या वेळी अर्ध्या वॅटपेक्षा कमी खातो, पण दोषाच्या काळात तो एका वॅटवर गेलेला असतो आणि बरेचदा भाजून २७० चा ३५० झालेला सापडतो. नवा ३ वॅटचा घ्या, दोन्ही बाजूंना सारखा, आणि बायपास कपॅसिटरला चिकटवून बसवू नका, नाहीतर त्याच्या उष्णतेने कपॅसिटर सुकतो.

फिल्टरचा मोठा डबा, ३२+३२ किंवा ५०+५० मायक्रोफॅरड, फुगला असेल, तळाशी राळेसारखं काही ओघळलं असेल, किंवा घूं असा आवाज असेल तर बदला. चॅसीवर शोभेला डबा राहू द्या, त्याच्या तारा काढून नवे कपॅसिटर खाली टॅग-स्ट्रिपवर बसवा. जुन्यालाच समांतर नवा जोडणं चूक, कारण जुन्याची गळती तशीच राहते आणि तो शॉर्ट झाला तर नव्यासकट सगळं जातं. आणि पहिल्या फिल्टरचे मायक्रोफॅरड वाढवायचा मोह टाळा. ईझेड८१ ला ५० मायक्रोफॅरडपर्यंतच परवानगी आहे, जीझेड३४ या रेक्टिफायरला ६०. घूं आवाज कमी व्हावा म्हणून इथे २२० टाकले की चालू करतानाच्या करंटच्या लोंढ्याने रेक्टिफायरमध्ये ठिणग्या पडतात. वाढवायचंच असेल तर रेझिस्टरच्या पलीकडचा, दुसरा फिल्टर वाढवा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात ६३० व्होल्टचे फिल्म आणि ४५० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक मिळतात. इलेक्ट्रोलिटिक घेताना पाय आधी कापलेले किंवा सोल्डर लागलेले नाहीत ना ते बघून घ्या. व्हॉल्व्हमध्ये ६बीक्यू५ हा ईएल८४ चाच अमेरिकन नंबर, आणि रशियन ६पी१४पी त्याच जागी चालतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल८४ अजून हाती लागतात. न वापरलेला मिळाला तर निर्धास्त घ्या, पण खोका नवा आणि पिना काळपट असतील तर तो न वापरलेला नाही.

कपॅसिटर निर्दोष निघाला तर

मेन्स मोजा. आपल्याकडे ठरलेले २३० व्होल्ट, रात्री उशिरा कित्येक ठिकाणी २४५. सेटचा टॅप (मेन्स ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज निवडायची जोडणी) २२० वर असेल तर ६.३ व्होल्टची फिलामेंट ७ व्होल्टवर चालते आणि ३२० ची एचटी ३५५ होते. ईएल८४ ची प्लेटची मर्यादा ३०० व्होल्ट. टॅप २४० किंवा २५० वर न्या. परदेशातून आणलेला ११७ व्होल्टचा सेट स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवत असाल तर तो ६० हर्ट्झसाठी बनलेला असू शकतो, आणि ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर मुळातच जास्त तापतो. अशा सेटला ११० व्होल्टच द्या.

सॉकेट हा दुर्लक्षित गुन्हेगार आहे. पिन २ ची पकड सैल झाली की ग्रिड मध्येच अधांतरी होतो, आणि मग दोष सेट हलवला की येतो, ठोकला की जातो. क्लीनर मारून व्हॉल्व्ह चार-पाच वेळा आत-बाहेर करा. पकड बारीक सुईने आवळा, पण सुई एचटी पूर्ण उतरवल्यावरच घाला. पिन ७ आणि शेजारच्या पिनांमध्ये बेकेलाइटवर काळी रेघ उमटली असेल तर कोळसा झालाय. घासून भागत नाही, सॉकेट बदला. नवं सिरॅमिकचं घ्या.

ग्रिड शून्यावर, कपॅसिटर नवा, बायपास ठीक, तरी दोन्ही कॅथोड वर, आणि स्पीकरमधून काहीच आवाज नाही: हे कानाला न ऐकू येणारं ऑसिलेशन. चॅसीजवळ हात नेला की कॅथोडचे व्होल्ट हलतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडून परत येणारी फीडबॅकची तार सोडवून पाहा. व्होल्ट लगेच खाली आले तर ग्रिडच्या पिनेपाशी असायला हवा तो एक ते पाच किलोओहमचा स्टॉपर जागेवर आहे का, आणि फीडबॅक रेझिस्टरवरचा लहान कपॅसिटर तुटला आहे का, ते तपासा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्यानंतर सेट जोरात बोंबलायला लागला असेल तर फीडबॅक उलटा झालाय. प्लेटच्या दोन तारा एकमेकांच्या जागी लावा.

दुरुस्तीनंतर पहिला सप्लाय

सिरीज टेस्टिंग बोर्डवर (सेटला मेन्स बल्बमधून देणाऱ्या) १०० वॅटचा फिलामेंटवाला बल्ब लावा. एलईडी इथे चालत नाही. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता: बल्ब क्षणभर लागून मंद व्हायला हवा. नंतर सगळे व्हॉल्व्ह लावून: बल्ब थोडा उजळतो आणि तसाच राहतो, कारण फिलामेंट खरंच करंट घेतायत. पूर्ण प्रकाशला तर शॉर्ट, बंद करा. बल्ब मध्ये असताना सेटला अर्धे-पाऊणच व्होल्ट मिळतात, म्हणून त्या अवस्थेत कॅथोडचं माप घेऊन काही ठरवू नका.

डिमरस्टॅटने (मेन्सचे व्होल्ट कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू चढवण्याची पद्धत व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या सेटला फारशी उपयोगाची नाही. निम्म्या व्होल्टेजवर ईझेड८१ तापतच नाही, एचटी शून्य राहते, आणि पुढे अचानक येते. ज्या इलेक्ट्रोलिटिकला "हळूहळू जागं" करायचं असतं त्याला त्यातून काहीच मिळत नाही.

फ्यूज सेटच्या नामपट्टीवर लिहिला असेल तोच. लिहिलेला नसेल तर एका चॅनेलच्या दहा वॅटच्या सेटला २३० व्होल्टवर अर्धा अ‍ॅम्पिअर स्लो-ब्लो पुरतो, स्टिरिओला १ अ‍ॅम्पिअर. एचटी वाइंडिंगचा मधला टॅप चॅसीला जातो त्या तारेत आणखी एक स्लो-ब्लो फ्यूज घातला तर ट्रान्सफॉर्मर खऱ्या अर्थाने सुरक्षित होतो: मोनोला २५० मिलिअ‍ॅम्पिअर, होल्डर झाकणाचा. मेन्सच्या फ्यूजला जे दिसत नाही ते याला दिसतं.

बल्ब काढून थेट मेन्सवर घेतल्यावर चारही कॅथोडचे व्होल्ट पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी लिहा. १०.६ वरून ११ पर्यंत सरकले आणि थांबले तर ठीक. जोडीतल्या दोघांत १ व्होल्टपर्यंत फरक चालतो. एखादा १२ ओलांडून चढतच राहिला तर त्याच वेळी पिन २ मोजा. तिथे पॉझिटिव्ह दिसलं तर वरचीच व्हॉल्व्ह काढून मोजण्याची चाचणी गरम सेटवर पुन्हा करा.

ईएल३४ आणि निगेटिव्ह बायसचे सेट

इथे कॅथोड थेट चॅसीला किंवा १० ओहममधून जातो आणि ग्रिडला साधारण उणे ३२ ते ३८ व्होल्ट दिलेले असतात, हाच बायस. बायस गेला तर सावरायला कॅथोड रेझिस्टर नाही, २५ वॅटची प्लेट मिनिटाभरात पेटते. म्हणून आउटपुट व्हॉल्व्ह लावण्याआधी, फक्त बायसची वाइंडिंग चालू असताना, दोन्ही सॉकेटच्या पिन ५ वर निगेटिव्ह व्होल्ट मोजा. दोन्हीकडे सारखे हवेत. एचटी आल्यावर एका बाजूला उणे ३६ आणि दुसरीकडे उणे ३० असेल तर कमी असलेल्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर गळतोय. बायसचा प्रीसेट (व्होल्ट जुळवायचा फिरता रेझिस्टर) जुना असेल तर त्याचा सरकता संपर्क मध्येच सुटतो, तोही बदला.

बायसचा जुना सेलेनियम रेक्टिफायर काढून १एन४००७ डायोड लावा. सेलेनियम जळाला की सडक्या मुळ्यासारखा विषारी वास येतो, खिडक्या उघडून खोलीबाहेर व्हा. डायोड लावल्यावर व्होल्ट थोडे वाढतात, ते सिरीजच्या रेझिस्टरने खाली आणा. बायसचे इलेक्ट्रोलिटिक बदलताना दिशा दोनदा तपासा: या एकाच जागी पॉझिटिव्ह टोक चॅसीला जातं. बाकी सगळ्या सेटमध्ये उलट असल्यामुळे हात सवयीने चुकीचं लावतो, कपॅसिटर दहा मिनिटांत शॉर्ट होतो, बायस शून्यावर येतो आणि दोन्ही ईएल३४ एकदम लाल. प्रीसेट आधी सर्वांत जास्त निगेटिव्हवर ठेवा, मग व्हॉल्व्ह लावा आणि १० ओहमवर ०.३५ ते ०.४ व्होल्ट येईपर्यंत हळूहळू आणा. अर्ध्या तासाने एकदा परत जुळवा.